काठीचे दुसरे टोक

‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण आपण इतक्या वेळा वापरतो की तिच्यातल्या पात्रांकडे आपले लक्षच जात नाही. नगरपालिकेच्या कारभारापासून सहकारी बँकेच्या ताळेबंदापर्यंत ती कुठेही चपखल बसते. पण क्षणभर ती शब्दशः घेऊन पाहावी. जात्याशी बसलेल्या माणसाला दिसत नाही, तरी ते राबते आहे. शेजारचे कुत्रे भुकेले आहे आणि समोर दिसेल ते खाते आहे. या चित्रात तिसरेही कोणी आहे, ते म्हणजे ही म्हण रचणारा. त्याला दोघेही स्वच्छ दिसतात. पण तो ना कुत्र्याला हाकलायला पुढे होतो, ना दळणाऱ्याला सावध करतो. तो फक्त म्हण रचतो. अपंग माणूस आणि कुत्रा या दोघांकडेही पाहण्याची आपल्या समाजाची रीत या तिसऱ्या माणसासारखीच राहिली आहे.

गेल्या शंभर वर्षांत जगाच्या काही भागांत या जोडीची मांडणी निराळी झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक मोठ्या संख्येने जर्मनीत परतू लागले, तेव्हा १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे त्यांच्यासाठी वाटाड्या कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये या कामाविषयी एक लेख लिहिला. तो नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाच्या कानावर पडला. त्याने बाईंना पत्र पाठवले आणि शिकायला थेट स्वित्झर्लंड गाठले. जाताना एकट्या आंधळ्याचा भरवसा कोण धरणार, म्हणून त्याची रवानगी एखाद्या पार्सलासारखी कंपनीच्या माणसांच्या ताब्यातून झाली. १९२८ मध्ये बडी नावाची कुत्री घेऊन तो परतला, तेव्हा न्यूयॉर्कचा वाहता रस्ता त्याने पत्रकारांच्या देखत तिच्या आधाराने ओलांडला. गेला होता तो पार्सल म्हणून, आला तो प्रवासी म्हणून. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली आणि १९३१ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलसी येथे पहिले चार मार्गदर्शक कुत्रे तयार होऊन त्यांच्या अंध सोबत्यांच्या हाती गेले.

हा कुत्रा नेमके काय करतो याविषयी आपल्याकडे बऱ्याच भाबड्या कल्पना आहेत. तो मालकाला ‘बाजारात घेऊन जात’ नाही. बाजार कुठे आहे आणि किती वळणांनंतर येतो, हे माणसालाच ठाऊक असावे लागते. सिग्नलचा दिवाही कुत्रा वाचत नाही. लाल आणि हिरव्यातला फरक त्याला आपल्यासारखा कळतच नाही. वाहनांच्या आवाजावरून रस्ता केव्हा ओलांडायचा हे माणूस ठरवतो आणि आज्ञा देतो. कुत्र्याचे काम पायरीपाशी थांबणे, खड्डा टाळणे, उभ्या सायकलीला वळसा घालणे आणि मालकाच्या कपाळाला लागेल अशी लोंबती फांदी ओळखून त्याला बाजूने नेणे. ही फांदी काठीला कधीच सापडत नाही. त्याला शिकवलेला सर्वांत अवघड धडा मात्र निराळाच असतो. ‘चल’ अशी आज्ञा आली आणि समोरून गाडी येत असेल, तर ती आज्ञा मोडायची. इमानदारी म्हणजे हुकूम पाळणे, अशीच आपली समजूत असते. इथे इमानाची परीक्षा हुकूम नाकारण्यात आहे.

एवढे शिकवायला वेळ लागतो. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की ते एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढते. गर्दी, जिने, गाड्यांचे आवाज यांची त्याला सवय होते. वर्ष-सव्वा वर्षानंतर प्रशिक्षकाकडे काही महिन्यांचे शिक्षण, मग ज्याला तो द्यायचा त्या व्यक्तीबरोबर काही आठवड्यांचा एकत्र सराव. या वाटेवर बरेच कुत्रे गळतात. उरतात ते सात-आठ वर्षे काम करतात आणि निवृत्त होतात. एका कुत्र्यामागे येणारा खर्च आपल्या रुपयांत लाखांच्या घरात जातो. परदेशात तो बहुधा देणग्यांवर चालणाऱ्या संस्था उचलतात.

अंधांपासून सुरू झालेले हे काम पुढे पसरले. अमेरिकेत १९७५ पासून बॉनी बर्गिन यांनी चाकाच्या खुर्चीतल्या माणसांसाठी कुत्रे तयार करायला घेतले. पडलेली किल्ली उचलून देणे, दार ओढून उघडणे, दिव्याचे बटण दाबणे अशी कामे ते करू लागले. आपल्याला ही कामे क्षुल्लक वाटतात, कारण ती करताना आपल्याला कोणाला हाक मारावी लागत नाही. ज्याला दिवसातून चाळीस वेळा हाक मारावी लागते, त्याला विचारावे. बहिऱ्या माणसाला दाराची घंटा किंवा बाळाचे रडणे कळवणारे, अपस्माराचा झटका आल्यावर जवळ थांबून मदत बोलावणारे, स्वमग्न मुलाला रस्त्यावर धावत सुटण्यापासून रोखणारे असे कुत्रेही आता तयार होतात.

उपचारात साथ देणारा कुत्रा याहून वेगळा. तो एकाच माणसाचा नसतो. आपल्या पालकाबरोबर तो शाळेत, रुग्णालयात, वृद्धाश्रमात जातो आणि अनेकांना भेटतो. दीर्घ आजाऱ्याला लहानसा पाळीव प्राणी चांगली सोबत करतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारासच नोंदवले होते. १९६० नंतर न्यूयॉर्कमधल्या बोरिस लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञाने ते शास्त्राच्या चौकटीत मांडले. माणसांशी न बोलणारे एक मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मोकळे झाले, हे पाहून त्यांनी कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हटले, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची थट्टा केली. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्या नात्यात काम करणारे हेच ते संप्रेरक. महाराष्ट्रात या वाटेने पहिली पावले टाकणाऱ्यांत मीनल कविश्वर आणि त्यांचे ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ यांचे नाव घ्यावे लागेल. विशेष मुलांसाठी प्रशिक्षित कुत्र्यांच्या साह्याने उपचार करण्याचे काम त्यांनी मुंबईत सुरू केले. कुत्रा हे औषध नव्हे, त्याने अपंगत्व बरे होत नाही. पण जे मूल व्यायामासाठी हात उचलायला तयार नसते, ते कुत्र्याच्या पाठीवर ब्रश फिरवायला हात उचलते. उपचारकाला हवी असलेली हालचाल तीच असते.

हे सारे ऐकायला बरे, पण त्याचा कर्जत-खालापूरशी काय संबंध, असे कोणी विचारील. हे दोन तालुके मुंबई आणि पुणे यांच्या अगदी मध्यावर आहेत. बोरघाट त्यांच्या उशाशी आहे, लोकल गाडी कर्जतला आणि खोपोलीलाही येते, द्रुतगती महामार्ग खालापुरातून जातो. तरी स्थानकापासून आठ-दहा किलोमीटर आत गेले की जग बदलते. कशेळे, कडाव, कळंब या बाजूंच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत शेवटचा टप्पा पायीच असतो. पावसाळ्यात भाताच्या खाचरांमधला निसरडा बांध हाच रस्ता होतो, मध्ये ओढा आला तर तो उतरून जायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीची यंत्रे वर नेता येत नाहीत, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. धडधाकट माणसाला जिथे दमछाक होते, तिथे ज्याला दिसत नाही, ज्याचा एक पाय लुळा आहे, त्याचे जग घराच्या ओट्यापाशी संपते.

मग त्याला बाहेर कोण नेते? ‘आंधळ्याची काठी’ हा आपल्या भाषेतला आणखी एक लाडका शब्दप्रयोग. म्हातारपणीचा एकुलता मुलगा, संकटातला आधार अशा अर्थाने तो कौतुकाने वापरला जातो. पण त्या काठीचे दुसरे टोक कोणाच्या हातात असते, हे बाजारच्या दिवशी किंवा गाडीच्या डब्यात पाहावे. ते बहुधा एखाद्या लहान मुलाच्या हातात असते. नऊ-दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पुढे, काठी धरून आजोबा किंवा बाप मागे. संजय गांधी निराधार योजनेच्या कागदासाठी तहसील, दाखल्यासाठी रुग्णालय, पैसे काढायला बँक. त्या प्रत्येक फेरीमागे मुलाच्या शाळेचा एक दिवस बुडालेला असतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसामागे बायकोची किंवा सुनेची मजुरी बुडालेली असते. अपंगांची संख्या जनगणना मोजते. २०११ च्या मोजणीत ती देशात २ कोटी ६८ लाख भरली. त्यांच्या काठीचे दुसरे टोक धरणाऱ्यांची मोजणी कोणी केलेली नाही. मार्गदर्शक कुत्र्याचे खरे मोल इथे कळते. तो एका माणसाला चालते करतो आणि दुसऱ्याला मोकळे करतो.

गंमत अशी की या दोन तालुक्यांत शिकवलेल्या, जोपासलेल्या कुत्र्यांचा तुटवडा नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या मोटारींच्या खिडक्यांतून लॅब्रडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर वारा खात येतात. कुत्र्यांचेही स्वागत करणारी फार्महाऊसे आणि रिसॉर्ट नेरळपासून खोपोलीपर्यंत झाली आहेत. ज्या दोन जातींनी जगभर अपंगांची सर्वाधिक सेवा केली, त्याच जाती इथे दर आठवड्याला सुट्टी घालवायला येतात, आणि कुंपणाबाहेर काठीचे दुसरे टोक मुलाच्या हातात तसेच राहते. यात कुत्रा पाळणाऱ्यांचा दोष नाही. हौस आणि सेवा यांच्यामधला पूल आपल्याकडे कोणी बांधला नाही, एवढेच म्हणायचे आहे.

तो बांधायचा तर परदेशातला कुत्रा आणून इथल्या अंधाच्या हाती द्यायचा, इतके ते सोपे नाही. जाड केसांच्या या जातींना एप्रिल-मे महिन्यांतला घाटपायथ्याचा उन्हाळा सोसत नाही. तापलेल्या डांबरावर त्यांचे तळवे भाजतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे इथले मोकाट कुत्रे. हार्नेस घातलेला कुत्रा काम करीत असताना गावच्या चार कुत्र्यांनी त्याच्यावर झडप घातली, तर तो आणि त्याचा मालक दोघेही निराधार. कुत्रा सोडा, नुसती पांढरी काठी टेकत जाणाऱ्यालाही हीच धास्ती असते. काठीच्या हालचालीने कुत्रे बिथरते आणि ते कुठून येते आहे हे त्याला दिसत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि आपल्या देशात आजही दरवर्षी हजारो लोक त्याने मरतात. ही भीती खोटी ठरवून चालणार नाही. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, तो याच पार्श्वभूमीवर. सेवा करणाऱ्या कुत्र्याला नेमक्या याच चार ठिकाणी जायचे असते. मोकाट कुत्रा कोणता आणि कामावरचा कोणता, हा भेद कायद्याच्या भाषेत स्पष्ट झाला नाही, तर दारावरचा शिपाई दोघांनाही एकाच काठीने हाकलील.

कायद्याची स्थिती अशी. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्यात सुगम्यतेसाठी ‘सजीव साहाय्य’ पुरवण्याची गोष्ट आहे. त्याला अनुसरून २०१६ चा हक्क कायदा आला, अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. सरकारी कागदांतून ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला; पायऱ्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. या कायद्यात सार्वजनिक वाहतूक सुगम करण्याचे वचन आहे, पण साहाय्यक कुत्र्याला बसमध्ये, दवाखान्यात, खानावळीत सोबत नेण्याचा हक्क त्यात वेगळा नोंदलेला नाही. एस.टी. महामंडळ अपंग प्रवाशाला तिकिटात सवलत देते, ठरावीक अटींवर त्याच्या सोबत्यालाही देते. सोबत्याची गरज शासनाला मान्य आहे, हे यावरून उघड आहे. तो सोबती चार पायांचा असू शकतो, एवढेच अजून कोणाच्या मनात आलेले नाही.

परदेशी जातीच हव्यात असेही नाही. इथल्या वाडीवरचे कुत्रे आयतोबा नाही. कातकऱ्याचे कुत्रे त्याच्याबरोबर रानात जाते, धनगराचे कळपामागे फिरते, ठाकराचे रात्री बिबट्याची चाहूल देते. माणसाच्या इशाऱ्यावर काम करणे या कुत्र्यांना नवे नाही, आणि ऊन-पाऊस त्यांना सोसतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेल. उत्तराखंड पोलिसांनी २०१९ मध्ये रस्त्यावरचे पिल्लू उचलून, शिकवून आपल्या श्वानपथकात घेतले. प्रत्येक गावठी कुत्रा मार्गदर्शक होणार नाही. परदेशातला प्रत्येक लॅब्रडॉरही होत नाही. पण शाळेत मुलांना भेटायला जाणारा, शांत स्वभावाचा, लसीकरण झालेला कुत्रा इथल्याच पिल्लांतून निवडता येईल. सुरुवात त्या सोप्या टोकाकडून व्हावी.

कर्जत तालुक्यातल्या वेणगाव येथे ‘श्रद्धा पुनर्वसन केंद्र’ आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, बरे करून, देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मानसिक आजार हेही २०१६ च्या कायद्याने मानलेले अपंगत्वच आहे. अशी माणसे रस्त्यावर असतात तेव्हा त्यांच्या शेजारी कोण बसलेले दिसते, हे आठवून पाहावे. येणारे-जाणारे नाक धरून वळसा घालतात आणि जटा वाढलेल्या त्या माणसाच्या पायाशी एखादे कुत्रे मुटकुळे करून निजलेले असते. त्याने काही शिक्षण घेतलेले नसते आणि त्याला कोणी प्रमाणपत्र दिलेले नसते. मिळालेल्या पावातला अर्धा तो माणूस त्याला देतो. इथे कुत्रे पीठ खाते, पण दळणाऱ्याच्या हातून.

आपल्या परंपरेतही याची खूण आहे. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पळवलेल्या भाकरीला तूप लावायला नामदेव कुत्र्यामागे धावल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. याच जिल्ह्यातल्या किल्ले रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक असावे की नसावे, यावर २०२५ मध्ये केवढा वाद झाला! इतिहासाचा निवाडा इतिहासकार करतील. दगडाच्या कुत्र्यासाठी आपण इतके बोलू शकतो, तर जिवंत कुत्र्यासाठी चार कामे करणे अवघड नसावे.

ती कामे कोणती? ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असा महाराष्ट्रात नियम आहे. तो बहुतेक वेळा वस्तू वाटून संपतो. त्यातून आधी पांढरी काठी आणि ती वापरण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. ज्याला काठीने चालता येत नाही, त्याला कुत्र्यानेही चालता येत नाही. म्हणून कुत्र्याची तयारी काठीपासून सुरू होते. दुसरे काम पशुसंवर्धन विभागाचे. ज्या गावात अंध माणूस राहतो, त्या गावापासून कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची आणि रेबीज लसीकरणाची मोहीम सुरू व्हावी. कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन थेट सरकारी दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक वाडीवर पोचावे. तिसरे, ज्यांची उत्तम स्वभावाची कुत्री दर शनिवारी इथे येतात, त्यांच्यातल्या काहींनी जाणकार उपचारकाच्या देखरेखीखाली महिन्यातला एक दिवस विशेष मुलांच्या शाळेसाठी द्यावा. आणि चौथे, साहाय्यक कुत्र्याला एस.टी.त आणि रुग्णालयात प्रवेश आहे, असे एक साधे परिपत्रक राज्य शासनाने काढावे. त्याला पैसा लागत नाही.

माणसांना पुरेसे मिळत नाही तिथे कुत्र्यांवर खर्च कशाला, हा आक्षेप येईलच. तो हृदयशून्य नाही. गरिबीतून येणारा आहे. कुत्र्याला रोज खायला लागते, आजारी पडला तर डॉक्टर लागतो, आणि ज्या घरी हे परवडत नाही त्या घरावर त्याचा भार टाकणे हा अपंगावर आणि कुत्र्यावर दोघांवरही अन्याय आहे. म्हणून खर्चाची जबाबदारी कुटुंबाची असता कामा नये. श्रीमंत देशांतही सर्व अंध कुत्रा घेत नाहीत. पुष्कळांना काठीच बरी वाटते. महत्त्व निवडीला आहे. आज कडावच्या किंवा चौकच्या अंध माणसापुढे निवड आहे ती एवढीच, की घरी बसायचे की घरातल्या कोणाला तरी घरी बसवायचे.

काठीचे दुसरे टोक ज्या मुलीच्या हातात आहे, ती उद्या सोमवारी आजोबांना घेऊन तहसील कचेरीत येईल. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडेल. ती खूण आपल्यापैकी कोणाच्या खात्यावर मांडायची, हे ग्रामपंचायतीने, शासनाने आणि रविवारी कर्जतला येणाऱ्या आपण सर्वांनी ठरवायचे आहे.